खिळा न मारण्याची अट

मी तीस वर्षं लोकांना घरं मिळवून दिली, असं माझी मुलगी पाहुण्यांना कौतुकानं सांगते. पाहुणे माना डोलावतात, मी चहा पितो. खरं सांगायचं तर त्या धंद्यातलं निम्मं काम लोकांना घराबाहेर काढण्याचं होतं. दर अकरा महिन्यांनी, आठ दिवसांसाठी. ते बिनबोभाट कसं करायचं हे सबंध मुलुंडात माझ्याइतकं कुणाला जमत नव्हतं, आणि तेव्हा मला त्याचा चक्क अभिमान होता.

मुलुंड पूर्वेला एका चाळीच्या जिन्याखाली माझं दुकान होतं. दुकान म्हणजे टेबल, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि मागे सामान टाकायला अंधारी खोली. वर दोन खोल्यांत आम्ही राहायचो, मी, बायको सुमन आणि मुलगी. पाटीवर 'इस्टेट एजंट' असं झोकात रंगवून घेतलं होतं. लोक तोंडावर पाटकरसाहेब म्हणत आणि पाठ वळली की दलाल. म्हणोत बापडे.

तेव्हा, म्हणजे ऐंशीनंतरची सात-आठ वर्षं धरा, माझ्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं यायची. 'राहायला हवंय' म्हणणारी जोडीनं येत. बाई आधी मोरी बघायची, मग ओटा, मग पाणी किती वाजता येतं ते विचारायची. पुरुष भिंतीवर टिचक्या मारून बघायचा. का, ते त्यालाही माहीत नसे. 'घेऊन टाकायचंय' म्हणणारे एकटेच येत. ते आत शिरतही नसत, दारातूनच विचारायचे, "दोन वर्षांनी काय भाव येईल?"

दोघांनाही मी एकच वाक्य ऐकवायचो: पहिलं घर मनानं घ्यावं, दुसरं डोक्यानं. वाक्य माझंच होतं आणि ते ऐकून गिऱ्हाईक हमखास खुर्चीत जरा सैल बसायचं. पण दुसरं घर घेतलं की पुढे प्रश्न यायचा. त्याचं करायचं काय? भाड्यानं दिलं तर माणूस उठणार नाही, ही धास्ती. कायद्यात नेमकं काय होतं ते वकिलांना ठाऊक, लोकांच्या डोक्यात काय होतं ते मला ठाऊक. प्रत्येकाचा एक तरी काका असा निघायचा, ज्यानं 'दोन महिन्यांपुरती' जागा दिली आणि मग उरलेलं आयुष्य स्वतःच्या घराकडे रस्त्यावरून बघत काढलं. म्हणून लोक नवेकोरे फ्लॅट सरळ कुलूप लावून ठेवत. सांताक्रूझच्या एका गृहस्थांनी तर आत कुणीतरी राहतंय असं वाटावं म्हणून बंद दाराबाहेर स्वतःचे जुने चपलांचे जोड मांडून ठेवले होते. ते कुणीतरी उचलून नेले. तर हा माणूस घामाघूम होऊन माझ्याकडे आला, "पाटकर, घर फुटलं हो माझं!"

ज्यांना कुलूप परवडत नसे, त्यांच्यासाठी माझा करारनामा होता. अकरा महिन्यांचा परवाना. अकरा महिने संपले की राहणाऱ्यानं सगळं सामान घेऊन बाहेर पडायचं. सगळं म्हणजे सगळं, काड्यापेटीसुद्धा मागे राहता कामा नये. मग आठ दिवस मालकानं बायकामुलांसकट तिथे येऊन राहायचं, स्वयंपाक करायचा, गॅलरीत कपडे वाळत घालायचे, शेजाऱ्यांशी बोलायचं. ताबा मालकाचाच आहे हे चार लोकांना दिसलं पाहिजे. नवव्या दिवशी नवा करारनामा, आणि जुना माणूस परत आत. याला आम्ही 'गॅप' म्हणत असू. वाचणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल, पण त्या वेळी शहाणीसुरती माणसं हा खेळ तोंडावर गंभीर भाव ठेवून खेळत होती आणि पंच मी होतो.

करारनाम्यातल्या दोन अटी खास माझ्या. सातवी अशी, की गॅपनंतर मालकानं स्वहस्ते दार उघडून किल्ली दिल्याशिवाय कुणालाही आत पाऊल टाकता येणार नाही. आणि अकरावी, भिंतीला खिळा मारायचा नाही. माणूस खिळा मारतो, त्यावर फोटो लावतो आणि मग त्याला ते घर आपलं वाटायला लागतं, असं माझं निरीक्षण होतं. वकीलसुद्धा माझ्या या दोन अटी उतरवून घेत.

आता परबांची गोष्ट सांगतो, कारण या दोन्ही अटी तिथे माझ्याच अंगावर उलटल्या.

परब एका विमा कचेरीत हेडक्लार्क. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडचं. घाटकोपरला एका खोलीत आई, परब, बायको, दोन मुलं आणि धाकटा भाऊ अशी सहा माणसं. असा माणूस खरं तर 'राहायला हवंय'वाला. पण परबांना ऑफिसातल्या कुणीतरी गुंतवणुकीचं वेड लावलं होतं. त्यांनी बायकोच्या बांगड्या मोडून आणि कर्ज काढून मुलुंडला दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असा नवा फ्लॅट घेतला, आणि किल्ली हातात येताच मला म्हणाले, "पाटकर, चांगला माणूस बघ यार, अकरा महिन्यांवर देऊन टाकू."

"आणि तुम्ही कधी येणार राहायला?"

"आम्ही? वेडा की काय तू! वापरलं की घर जुनं होतं. भाव चढू दे, विकू, मग मोठं घेऊ."

म्हणजे या गृहस्थानं पहिलं घर सोडून थेट दुसरंच घेतलं होतं. त्यांच्या आईनं तर माझ्यासमोर त्यांना झापलं होतं, "मेल्या, घर घेतलंस ता रवाक काय बघूक?" परब नुसते हसले. फ्लॅट त्यांनी बायकोच्या नावावर घेतला होता. प्रेमानं वगैरे नाही, उद्या धाकट्या भावानं वाटा मागू नये म्हणून. सगळ्या बाजूंनी विचार करणारा माणूस होता. भाडेकरूपासून, भावापासून, खिळ्यापासून त्यांनी घर सांभाळलं.

राहायला मी मेश्राम मास्तरांना आणलं. मास्तर विदर्भाकडचे, बौद्ध, मुलुंडातच एका शाळेत गणित शिकवायचे. बायको, सहावीतली मुलगी सुजाता, चार ट्रंका, पुस्तकांची दोन खोकी आणि कापडात गुंडाळलेली बुद्धाची एक मोठी तसबीर, एवढा संसार. त्याआधी मी त्यांना तीन जागा दाखवल्या होत्या. तिन्ही ठिकाणी मालकांनी आडनाव विचारलं आणि मला बाजूला घेतलं. बाहेर येऊन मी मास्तरांना सांगायचो, "मास्तर, जागा आत्ताच गेली हो." तेही म्हणायचे, "असू द्या." तिसऱ्या वेळी माझ्या आधी तेच म्हणाले, "गेली ना? असू द्या." मला लाज वाटली. वाटली, आणि मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेलो.

परबांनी मात्र लगेच होकार दिला. मला बरं वाटलं, म्हटलं माणूस मोठ्या मनाचा निघाला. तर खाली उतरल्यावर म्हणतात कसे, "त्यांना दुसरीकडे कोण देतंय? म्हणजे आपल्याशी सांभाळून राहतील. गुपचूप निघतील." हिशेबी माणसाचं औदार्यही हिशेबी. आणि मी तेव्हा त्यांच्या हुशारीला दाद दिली, हेही इथे लिहून ठेवतो.

मास्तर खरोखरच सांभाळून राहिले. बुद्धाची तसबीर त्यांनी खिळ्याविना ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवली. सुजाताला एकदा शाळेत चित्राचं बक्षीस मिळालं, ते चित्र तिनं भाताच्या शितांनी चिकटवलं आणि मास्तरांनी ते ओल्या फडक्यानं हळूच सोडवलं. शितं म्हणजे खिळा नव्हे, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही.

पहिल्या गॅपला मास्तरांनी हातगाडीवर सामान आणून माझ्या दुकानामागच्या खोलीत लावलं आणि ते विक्रोळीला मेव्हण्याकडे गेले. परब कुटुंबकबिला घेऊन हजर झाले. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेलो, कपडे नीट वाळत घातलेत की नाही ते. परबांची मुलं खोलीचं दार आतून लावत होती, उघडत होती, परत लावत होती. खोलीला दार असतं आणि ते लावून आपण आत बसू शकतो, हे त्यांना नवीन होतं. परब वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. केस ओले, चेहरा असा की मी त्यांना ओळखलंच नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आज मी पाऊण तास अंघोळ केली. एकदाही कुणी दार वाजवलं नाही हो."

घाटकोपरला नऊ बिऱ्हाडांत एक नळ आणि खोलीतल्या मोरीला आडोसा म्हणून जुनी साडी. हसून सांगितलं त्यांनी, पण डोळ्यांत पाणी होतं. मी काहीतरी बोललो, "वा वा, झकास," असलं काहीतरी.

मग त्या म्हणाल्या, "देवांचा फोटो तेवढा लावते भिंतीवर. आठ दिवस तरी."

परब आतून ओरडले, "खिळा नाही हां! गिऱ्हाइकाला भिंत कोरी दिसली पाहिजे."

मालकिणीचे देवही आठ दिवस स्टुलावर बसले. मेश्रामांची तसबीर जिथे टेकलेली असायची, बरोबर तिथेच. नवव्या दिवशी वहिनींनी ओटा घासून पुसून ठेवला, मुलं रडत जिना उतरली, मी नवा करारनामा पुढे केला आणि वहिनींनी सातव्या अटीप्रमाणे स्वहस्ते दार उघडून किल्ली मेश्राम बाईंच्या हातात दिली. दोघी एकमेकींकडे बघून कसनुशा हसल्या. एकीला घर अकरा महिने, दुसरीला आठ दिवस, आणि कागदावर मालकीण दुसरी.

दुसऱ्या गॅपला वहिनी दोन दिवस आधीच माझ्या दुकानात येऊन उभ्या. "भाऊजी, आठाचे पंधरा दिवस नाही का होणार? कायद्यात बसत असेल तर बघा ना." कायद्यात काय, सहा महिनेही बसले असते. पण मास्तरांचं सामान माझ्या खोलीत आणि मास्तर मेव्हण्याच्या गॅलरीत. मी म्हटलं, "नाही वहिनी, नियम आठाचाच." त्या वर्षी त्यांनी आठ दिवसांत लोणचं घातलं, पापड केले, खिडक्यांना जुन्या साडीचे पडदे शिवले, आणि जाताना पडदे काढून नेले. घाटकोपरच्या त्या खोलीला खिडकीच नव्हती.

सुमन मला म्हणाली, "ती बाई वेडी होईल एक दिवस."

मी म्हटलं, "परब डोक्यानं चाललेत. घर दुप्पट होईल त्यांचं."

"आणि आपलं?" सुमननं विचारलं. हे सांगायचं राहिलं. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी स्वतः एक फ्लॅट घेऊन टाकला होता. बिल्डरनं दलालीच्या बदल्यात स्वस्तात दिला होता. मी तो भाड्यानेही देत नव्हतो. दुसऱ्यांना गॅपची हमी देणारा मी, स्वतःच्या फ्लॅटला दोन कुलपं लावून होतो. रविवारी जाऊन खिडक्या उघडायच्या, नळ सोडून बघायचे आणि परत यायचं. सुमन एकदा म्हणाली, आपणच राहायला जाऊ. मी तिला माझं ते पहिल्या-दुसऱ्या घराचं वाक्य ऐकवलं. ती सैल बसणाऱ्यांतली नव्हती.

तिसऱ्या गॅपच्या आधी परब उड्या मारतच दुकानात आले. "पाटकर, भाव आला! गिऱ्हाईक बघ. हा विकतो आणि बदलापूरला दोन घेतो. एकाचे दोन!"

"बदलापूरला राहायला जाणार?"

"राहायला कोण जातंय यार? दोन्ही घेऊन टाकायचे."

गिऱ्हाईक मी आणलं. खोटं कशाला बोलू, दोन्हीकडची दलाली मिळणार होती. मालाडचे एक कापड व्यापारी, सज्जन माणूस, जोडीनं आलेले. गॅपचा पाचवा दिवस होता, परब आम्हाला न्यायला खाली आले होते. बेल वाजवणार तोच आतून ठकठक ऐकू आली. वहिनींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात वरवंटा होता. समोरच्या भिंतीत भला मोठा खिळा, त्यावर देवांचा फोटो, आणि शेजारी दुसऱ्या खिळ्याची तयारी.

परब पांढरे पडले. "अगं हे काय केलंस?"

"फोटो लावला," वहिनी म्हणाल्या आणि पाहुण्यांकडे वळल्या. "या ना. घर बघायला आलात? ही भिंत पावसाळ्यात ओली होते हं. पाणी सकाळी वीस मिनिटं येतं, तेही खालच्यांनी सोडलं तर. दुपारी ऊन इतकं की डोकं उठतं. बाकी घर फार छान आहे. मी विकणार नाहीये, पण चहा घेऊन जा."

व्यापाऱ्यांनी चहा घेतला. बाईंनी जाताना वहिनींचा हात हातात धरला. जिन्यात व्यापारी मला म्हणाले, "पाटकरभाऊ, ज्या बाईनं वरवंट्यानं खिळा ठोकला, तिच्याकडून घर घ्यायचं नसतं." माझी दलाली तिथेच संपली.

परबांना अजून वाटत होतं की हे चार दिवसांचं खूळ आहे. विक्री नाही तर नाही, निदान मेश्राम परत येऊ देत, हप्ते तरी निघतील. नवव्या दिवशी सकाळी मी करारनामा घेऊन गेलो. खाली हातगाडी उभी, तिच्यावर मास्तरांच्या ट्रंका. सुजाता तसबीर छातीशी धरून उभी. वर परब स्वतःच्याच दारासमोर, बाहेर. ते सकाळी दूध आणायला उतरले होते आणि वहिनींनी मागून कडी लावली होती.

"अगं उघड. लोक बघतायत."

"बघू देत," आतून आवाज आला. "शेजाऱ्यांनी बघावं म्हणूनच तर आणता ना मला दर वर्षी?"

"पाटकर, तू सांग तिला काहीतरी."

मी घसा साफ केला. "वहिनी, करार ठरलाय. मास्तर खाली उभे आहेत."

"भाऊजी, तुमची सातवी अट वाचा बघू. मोठ्यानं."

वाचली. दुसरं काय करणार? 'मालकानं स्वहस्ते दार उघडून किल्ली दिल्याशिवाय कुणालाही आत पाऊल टाकता येणार नाही.'

"मालक कोण लिहिलंय?"

"सौ. सुहासिनी परब."

"मग नाही उघडत," त्या म्हणाल्या. आणि मग एकदम आवाज फुटला त्यांचा, "मला नाही जायचं हो परत त्या मोरीत. तीन वर्षं मी माझ्याच घरी पाहुणी येतेय. घर माझ्या बांगड्यांचं आहे. मला भाव नको, मला इथे राहायचंय."

जिन्यात शेजारची माणसं जमली होती. परब पायरीवर बसले. दुधाची पिशवी मांडीवर. इतका हुशार माणूस, आणि त्याला पहिल्यांदाच हिशेब सुचत नव्हता.

तेवढ्यात मास्तर वर आले. आमचं सगळं त्यांनी खालच्या वळणावरून ऐकलं असणार. ते दाराशी गेले आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा शांत आवाजात म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. घर तुमचं आहे. आम्ही निघतो." मग माझ्याकडे वळून, "साहेब, सामान दोन दिवस तुमच्याकडे राहील का?"

कडी निघाली. वहिनी धावत खाली गेल्या, हातगाडीपाशी, मेश्राम बाईंसमोर उभ्या राहिल्या आणि हात जोडून रडायलाच लागल्या. "मला माफ करा, ताई. तुमच्या पोरीचं घर काढून घेतलं मी."

मेश्राम बाई कधी फार बोलत नसत. त्या म्हणाल्या, "माफी कशाची? मी असते तर पहिल्याच खेपेला कडी लावली असती."

तीन वर्षं सगळे ज्या माणसाला भीत होते, की हा घर बळकावून बसेल, तो हातगाडी वळवून चालू लागला. बळकावून बसली ती मालकीण.

दोन दिवसांचे नऊ झाले. मास्तर शाळा सुटली की दुकानात यायचे आणि मी त्यांना जागा दाखवायला न्यायचो. एक जागा गेली, दुसरी गेली. आता मला 'जागा गेली' असं दुसरे दलाल सांगायचे, माझ्याच सुरात, आणि मी मास्तरांना सांगायचो. आमच्या मागच्या खोलीत सुजाताची पुस्तकं ट्रंकेत अडकलेली. तिची परीक्षा तोंडावर होती. ती दुपारी येऊन हवं ते पुस्तक काढायची, तिथेच पोत्यावर बसून वाचायची आणि परत ट्रंकेत ठेवून जायची.

नवव्या दिवशी सुमननं माझ्यासमोर टेबलावर किल्ल्या आपटल्या. तिसऱ्या मजल्याच्या.

"अहो, दोन कुलपं राहतायत त्या घरात. त्यांची परीक्षा आहे का?"

मी म्हटलं, "आपल्या मुलीच्या लग्नाला लागेल तो फ्लॅट. एकदा माणूस घातला आणि..."

"आणि काय?" ती म्हणाली. "तो निघत नाही? आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत निघाला ना?"

यावर उत्तर मी संध्याकाळपर्यंत शोधत बसलो. मग मास्तरांना किल्ली दिली. मोठं मन वगैरे काही नाही, तोंड दाखवायला जागा उरली नव्हती इतकंच. आणि सवयीचा माणूस मी, करारनामा तोच केला. अकरा महिने, सातवी अट, अकरावी अट, सगळं जिथल्या तिथे. मास्तरांनी न वाचता सही केली. त्यांना पाठच होता.

परब यथावकाश आईला आणि भावालाही घेऊन दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. संध्याकाळी गॅलरीत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला आज विकलं असतं तर किती आले असते ते सांगायचे. आत वहिनींची ठाकठोक चालू असायची. कॅलेंडरला खिळा, आरशाला खिळा, परबांच्या छत्रीला खिळा. भिंतीची चाळण केली बाईनं.

अकरा महिने झाले. ठरल्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावर गेलो, पिशवीत नवा करारनामा घालून. दार उघडंच होतं. आत ट्रंका दोरीनं बांधलेल्या, खोकी एकावर एक, जमीन पुसून ओली. सुजाता, आता नववीतली, तसबीर जुन्या चादरीत गुंडाळून दाराशी उभी होती. मास्तर पुढे झाले आणि त्यांनी किल्ली माझ्यासमोर धरली.

"काड्यापेटीसुद्धा नाही ठेवली, साहेब. बघून घ्या. आठ दिवस विक्रोळीला जाऊन येतो."

मी बघून घेतलं. खरोखर काही नव्हतं. तीन माणसांच्या हातून अकरा महिने वापरलेल्या भिंती, आणि त्यांच्यावर एक ओरखडा नाही. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, आठवणही केली नव्हती. मीच इतकी वर्षं शिकवलेलं होतं ते. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही. मास्तरांच्या हातातली किल्ली मी घेतली नाही.

"थांबा जरा," म्हणालो आणि खाली दुसऱ्या मजल्यावर गेलो. वहिनींनी दार उघडलं.

"वहिनी, हातोडी आहे?"

"हातोडी कसली? वरवंटा आहे," त्या म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. वरवंटा दिला, डब्यातून एक चांगला लांब खिळा काढून दिला. "विटेत मारा, सांध्यात मारू नका," म्हणाल्या आणि माझ्यामागून जिना चढल्या.

आयुष्यात मी शेकडो भिंती विकल्या, पण एकीतही खिळा मारला नव्हता. पहिला घाव बोटावर बसला. दुसऱ्याला खिळा वाकडा झाला आणि तळहाताएवढा गिलावा खाली पडला. मास्तर घाबरून म्हणाले, "साहेब, राहू द्या, भिंत खराब होतेय," आणि मी म्हणालो, "होऊ दे हो." आवाज जरा चढलाच माझा. शेवटी वहिनींनी वरवंटा माझ्या हातातून काढून घेतला, दोन घावांत खिळा सरळ बसवला, आणि सुजाताला म्हणाल्या, "आण गं इकडे."

सुजातानं चादर सोडली. मास्तरांनी तसबीर लावली, मागे सरून बघितलं, परत पुढे होऊन जराशी सरळ केली. मेश्राम बाई एका ट्रंकेची दोरी सोडायला बसल्या. मग मास्तर खाली पडलेला गिलावा गोळा करत, मान वर न करता म्हणाले, "पाटकरसाहेब, भाव पडला की हो तुमच्या भिंतीचा."

त्यांना विनोद करताना मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. मी बोट चोखत उभा होतो. पिशवीतला करारनामा मी वहिनींना दिला, खाली बंब पेटवायला.